बारावी सायन्सनंतर सीए : पदवी कोणती घ्यावी आणि कुठून?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

लेक बारावी झाली. सायन्स, गणित घेऊन. दोन वर्षं सीईटीच्या क्लासला जाऊन आली आणि आता म्हणते, इंजिनिअरिंग नको, सीए व्हायचंय. घरात व्हायचा तो गोंधळ होऊन गेला. आजोबा अजून अबोला धरून आहेत, पण ते होईल.

आम्ही निफाडला राहतो. द्राक्षबाग आणि थोडा व्यापार. सीए म्हणजे सप्टेंबरात फोन करून कागद मागणारे साहेब, एवढीच आमची ओळख. चौकशी केली तर जो तो वेगळंच सांगतो. दीर म्हणतात, आधी तीन वर्षं बी.कॉम. होऊ दे, मग थेट दुसऱ्या पायरीला जाता येतं. क्लासवाले म्हणतात, फाउंडेशन द्या आणि पदवी मुक्त विद्यापीठातून बाहेरून करा, कॉलेजात वेळ घालवू नका. नणंद मुंबईला असते, तिचं म्हणणं साधं बी.कॉम. आता कोण करतं, बीएएफ कर.

त्यात लेकीनं आयुष्यात जर्नल एन्ट्री पाहिलेली नाही. सायन्सवाल्यांना चालतं का? पदवी कोणती, कुठून, आणि ती लागतेच का? कॉलेजचे फॉर्म सुटलेत, वेळ थोडा आहे. जाणकारांनी सांगावं.

खतावणी

ताई, कोल्हापुरात प्रॅक्टिस करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. फाउंडेशनच्या वाटेनं गेलं तर सीए व्हायला पदवी लागतच नाही. बारावी पास पुरे, शाखा कुठलीही. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, इन्स्टिट्यूटला फरक पडत नाही. सीएचा अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्या हातात नाहीत, त्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय), आणि ती संसदेच्या १९४९च्या कायद्यानं झालेली स्वतंत्र संस्था आहे.

१ जुलै २०२३पासून नवी योजना लागू झाली. तिचा हिशेब असा : फाउंडेशनसाठी चार महिने अभ्यास, इंटरसाठी आठ महिने, मग दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी (आमच्या वेळी तीन होती), त्यानंतर सहा महिने अभ्यास आणि फायनल. बेरीज करा, ४२ महिने. अर्थात सगळं पहिल्या फटक्यात सुटलं तर. ते फार थोड्यांचं सुटतं, हे आजोबांना आत्ताच सांगू नका.

दिरांची वाट म्हणजे डायरेक्ट एन्ट्री. कॉमर्सची पदवी किमान ५५ टक्क्यांनी, इतर शाखांची ६० टक्क्यांनी. मग फाउंडेशन माफ, थेट इंटर. पण पदवीची तीन वर्षं आधी जातात. शेवटच्या वर्षाला असताना तात्पुरती नोंदणी करता येते, तेवढाच काय तो वेळ वाचतो. मुलीचं आत्ताच ठरलं असेल तर फाउंडेशनच बरं. चार पेपर, ४०० गुण : अकाउंटिंग, बिझनेस लॉ, क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूड आणि इकॉनॉमिक्स. प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. क्वांटमध्ये गणित, संख्याशास्त्र आणि लॉजिकल रीझनिंग. कॉमर्सची पोरं तिथे घाम गाळतात, तुमची लेक तिथेच गुण काढेल. फक्त तिसरा-चौथा पेपर पर्यायी उत्तरांचा आहे आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो, सीईटीची ठोकून द्यायची सवय तिथे नको.

दादर_स्लो

नणंदबाईंच्या बाजूनं कोणीतरी बोलायला हवं म्हणून मी.

बीएएफ म्हणजे मुंबई विद्यापीठाचं बी.कॉम. (अकाउंटिंग अँड फायनान्स), २००३च्या सुमारास सुरू झालं. मी तेच केलं. साध्या बी.कॉम.मध्ये जो वेळ कॉमर्स, पर्यावरण, जाहिरात अशा विषयांना जातो, तो इथे फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, ऑडिटिंग, टॅक्स यांना मिळतो. इंटरचा अभ्यास आणि कॉलेजचा अभ्यास बऱ्यापैकी एकमेकांवर बसतो. सकाळी सातचं कॉलेज, साडेअकराला सुटका.

वाईट बाजूही सांगते. विनाअनुदानित, त्यामुळे फी साध्या बी.कॉम.च्या कितीतरी पट. प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन, हजेरी यांचा ससेमिरा. आणि मुंबईत राहायचा खर्च वेगळा. निफाडहून खास बीएएफसाठी मुंबईला पाठवावी इतकं काही त्यात नाही, हे बीएएफवालीच सांगतेय.

एकग्रुपवाला

धागा वाचून जुनी जखम ओली झाली. :)

फळा_डस्टर

मी कॉमर्सची प्राध्यापक आहे, पुणे विद्यापीठाच्या कक्षेतल्या एका तालुक्याच्या कॉलेजात. "पदवी लागतच नाही" हे वाक्य कायद्यानं बरोबर आहे आणि सल्ला म्हणून घातक. दरवर्षी तेच पाहते. पहिल्या वर्षाला येतात, सीए करणार म्हणून वर्गात फिरकत नाहीत, फाउंडेशन दोनदा हुकते, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात ५१ टक्क्यांचं बी.कॉम. असतं. आता डायरेक्ट एन्ट्रीही बंद. दोन्ही दारं मुलानं स्वतःच लावून घेतलेली असतात. त्या ५५ टक्क्यांकडे विमा म्हणून बघा, तो हप्ता पहिल्या सेमिस्टरपासून भरावा लागतो.

आणखी एक, जे क्लासवाले कधीच सांगत नाहीत. ५५ टक्क्यांची सवलत नुसत्या "बी.कॉम." या नावाला नाही. अकाउंटिंग, ऑडिटिंग, मर्कंटाइल लॉ, कॉर्पोरेट लॉ, इकॉनॉमिक्स, मॅनेजमेंट, टॅक्सेशन, कॉस्टिंग, बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, मॅनेजमेंट अकाउंटिंग यांपैकी कुठलेही तीन पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे, पदवीत शिकलेले असावे लागतात. नसतील तर तुम्ही "इतर"मध्ये, म्हणजे ६० टक्के. जुन्या बी.कॉम.मध्ये हा प्रश्नच यायचा नाही. कॉर्पोरेट अकाउंटिंग, अॅडव्हान्स्ड अकाउंटिंग, ऑडिटिंग अँड टॅक्सेशन, सगळे शंभराचे.

आता एनईपी (नवं शैक्षणिक धोरण) आलं. गुणपत्रिकेवर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, सगळी खिचडी. चार क्रेडिटचा पेपर शंभराचा, दोन क्रेडिटचा पन्नासाचा. एखाद्या मुलीनं मेजर मार्केटिंगसारखा विषय घेतला आणि अकाउंट्स दोन-दोन क्रेडिटचे तुकडे म्हणून केले, तर शंभराचे तीन पेपर दाखवताना तिची तारांबळ होऊ शकते. म्हणून प्रवेश घेताना कॉलेजची इमारत बघू नका, सहाही सेमिस्टरच्या विषयांची यादी मागून घ्या आणि चार क्रेडिटच्या विषयांखाली पेन्सिलनं रेघ मारा. कॉलेजला ती यादी देता आली नाही तर तेही एक उत्तरच आहे.

खतावणी

मॅडम, मान्य. माझा रोख "कॉलेजात जाऊच नका" असा नव्हता. पण खरं सांगा, आर्टिकल निवडताना पदवी कुठल्या कॉलेजची हे मी कधी विचारलेलं नाही. इंटरला अकाउंट्समध्ये किती आणि टॅक्समध्ये किती, एवढंच बघतो.

फळा_डस्टर

तुम्ही विचारत नसाल. पण ज्याचं फायनल अडकलं आणि जो बँकेत किंवा कंपनीत अर्ज करतोय, त्याला विचारतात. अर्जात पहिला रकानाच पदवीचा असतो.

(५५ हुकलेल्यांसाठी : एम.कॉम.ला ५५ टक्के मिळवूनही ते दार उघडतं, कारण नियमात पदवी किंवा पदव्युत्तर असं आहे. पण दोन वर्षं त्यात जातात.)

मेकॅनिकल_ते_ताळेबंद

सायन्सवाल्यांचा प्रतिनिधी हजर. मी बी.ई. मेकॅनिकल, नंतर ६० टक्केवाल्या दारानं आत आलो. आमच्या वेळच्या जुन्या योजनेत डायरेक्ट एन्ट्रीवाल्याला इंटर सुटायच्या आधीच आर्टिकलशिप सुरू करता यायची. दिवसा ऑफिस, पहाटे अभ्यास. नव्या योजनेत ती सोय गेली. आता आधी इंटरचे दोन्ही ग्रुप (पेपरांचे गट) सोडवा, मग आर्टिकलशिप. त्यामुळे पदवीनंतर येणाऱ्याचं वय आणखी वाढतं. बारावीलाच ठरलेलं असेल तर उगाच फिरून येऊ नये.

अकाउंट्सच्या भीतीबद्दल : पहिले दोन महिने डोकं गरगरतं. भौतिकशास्त्रात "असं का" विचारलं की उत्तर निसर्गात असतं, इथे माणसांनी ठरवलेल्या पद्धतीत असतं. डेबिट डावीकडे का, याला उत्तर नाही, डावीकडे म्हणून डावीकडे. एकदा ते सोडून दिलं की गणितवाल्याला ताळेबंद आवडायलाच लागतो, कारण तो जुळतो. अकरावी-बारावीची महाराष्ट्र बोर्डाची बुक कीपिंगची पुस्तकं आणून सुट्टीत सोडवायला लावा. बालभारतीची पुस्तकं, किंमत नगण्य. भागीदारीची खाती आणि बिल्स ऑफ एक्स्चेंज एवढं जरी हाताखालून गेलं तरी फाउंडेशनचा पहिला पेपर परका वाटणार नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, पेन्सिल घेऊनच जाणार आहे आता.

अजून दोन शंका. लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, सीए मराठीतून देता येतं का? आणि आर्टिकलशिप सुरू झाली की कॉलेजचं काय? दोन्ही एकाच वेळी कसं चालतं?

खतावणी

मराठीतून नाही. इंग्रजी किंवा हिंदी. माझ्या ऑफिसात मराठी माध्यमातून आलेली मुलंच जास्त आहेत, आणि अडतात ती आकड्यांत नाही, कायद्याच्या पेपरात अडतात. कलम माहीत असतं, पण चार ओळींत मांडता येत नाही. लॉचं उत्तर रोज एक तरी हातानं लिहायचं, दुसरा उपाय नाही.

कॉलेज आणि आर्टिकलशिप बरोबरीनं चालतात, त्यात चोरी काही नाही. इन्स्टिट्यूटची परवानगी काढायची, त्याचा ११२ नंबरचा फॉर्म असतो. कॉलेजची वेळ आणि ऑफिसची वेळ एकमेकांत घुसता कामा नये. म्हणून तर सकाळच्या कॉलेजांना मागणी. हिशेब मांडा : जानेवारीत फाउंडेशन, त्यानंतर आठ महिने इंटर, म्हणजे एसवायच्या शेवटाला ती आर्टिकलशिपला लागू शकते. टीवायचं वर्ष ऑफिसातून जातं. हे वर्ष कठीण जातं, आईनं डब्याची काळजी घ्यावी, बाकी पोर निभावून नेते.

ऑफिसात काय करावं लागतं तेही सांगतो, म्हणजे भ्रम नको. पहिल्या आठवड्यात व्हाउचिंग. समोर गठ्ठा : हार्डवेअरचं बिल, डिझेलची पावती, हमालीचं साधं व्हाउचर ज्यावर नुसता अंगठा आहे. प्रत्येक कागद टॅलीतल्या नोंदीशी लावायचा, तारीख, रक्कम, जीएसटी क्रमांक बघायचा आणि हिरव्या पेनानं टिक. चौथ्या दिवशी लक्षात येतं की एकाच रंगाऱ्याला एकाच तारखेला रोख आठ-आठ हजारांची दोन व्हाउचरं फाडलीत. का? कारण एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. दोन तुकडे केले म्हणून नियम चुकत नाही, दिवसाची बेरीजच धरतात (माल वाहणाऱ्या गाडीवाल्याला मर्यादा पस्तीस हजार आहे, म्हणून टेम्पोवाला सुटतो, रंगारी सुटत नाही). हे पुस्तकात एका ओळीत आहे. ज्या पोरीनं तो गठ्ठा उपसलाय तिला ते जन्मात विसरत नाही. एप्रिलमध्ये बँकेच्या शाखांचं ऑडिट, पीककर्जाची खाती, कुठलं थकीत कुठलं नाही. द्राक्षवाल्याच्या मुलीला ते आमच्यापेक्षा लवकर कळेल.

सातासमुद्रापार

कॅलिफोर्नियातून. विषय थोडा बाजूला नेते, पण पुढे कोणाला उपयोग होईल.

तुमच्याकडे पदवी ऐच्छिक, आमच्याकडे सगळा खेळच पदवीच्या क्रेडिटचा. मी मुंबईची बी.कॉम., इथे येऊन सीपीए (इथलं सीए) केलं. परवान्यासाठी १५० क्रेडिट लागायची. अमेरिकेची चार वर्षांची पदवी १२०ची, आणि आपलं तीन वर्षांचं बी.कॉम. साधारण ९० धरतात. एम.कॉम.मुळे मी कशीबशी जवळ पोहोचले. तरी पुरे नाही, कारण नुसती बेरीज चालत नाही. २४ क्रेडिट अकाउंटिंगची, २४ व्यवसायाशी संबंधित विषयांची, परवान्यासाठी आणखी २० अकाउंटिंग स्टडीजची, आणि १० एथिक्सची. एथिक्स माझ्या मुंबईच्या गुणपत्रिकेवर कुठून येणार? कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी जाऊन पुरी केली. वर्गात माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची मुलं.

प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं आणि नियमही आता सैल होताहेत. ओहायोनं २०२५मध्ये कायदा केला, पदवी अधिक दोन वर्षं अनुभव अशी पर्यायी वाट. हिशेबनिसांची टंचाई आहे, दुसरं काय. परीक्षा २०२०पासून भारतात बसूनही देता येते, मुंबईत केंद्र आहे. म्हणून ज्यांच्या डोक्यात पुढे सीपीए आहे त्यांनी एनईपीचं चौथं वर्ष सोडताना दोनदा विचार करावा. आणि विद्यापीठातून विषयवार ट्रान्स्क्रिप्ट भारतात असतानाच काढून ठेवा. नंतर इथून तो कागद मिळवणं म्हणजे काय, ते कलिनाला, मुंबई विद्यापीठात, हेलपाटे घातलेल्या माझ्या भावाला विचारा.

जुनी_पाटी

अवांतर, पण राहवत नाही. विद्यापीठ आणि ऑडिटर यांचं हे नातं जुनं आहे. १९१३च्या कंपनी कायद्यानं ऑडिटरला पात्रता लागेल असं पहिल्यांदा ठरवलं, आणि मुंबईत सिडनहॅम कॉमर्स कॉलेजही त्याच साली निघालं. १९१८मध्ये मुंबई सरकारनं जी.डी.ए. सुरू केलं, गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी. डिप्लोमा करा, मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षं आर्टिकल राहा, मग कुठेही ऑडिट करायचा दाखला. आमच्या आजोबांच्या गिरगावातल्या दारावर "जी.डी.ए., आर.ए." अशी पितळी पाटी होती. आर.ए. म्हणजे रजिस्टर्ड अकाउंटंट, १९४९च्या आधीचे. हाताखाली शिकणं हे तेव्हाही पुस्तकापेक्षा मोठं होतं, वर्षं तेवढी तीनची दोन झाली.

एकग्रुपवाला

आता लिहितोच. माझा इंटरचा एक ग्रुप सुटला, दुसरा सुटेना. प्रत्येक वेळी ग्रुपची सरासरी ५०च्या खाली. नशीब एवढंच की बी.कॉम. नीट केलं होतं, कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग स्पेशल घेऊन. शेवटी सीएमए केलं, कॉस्ट अकाउंटंट. तिथे पदवीधराला फाउंडेशन माफ आहे आणि ५५-६०ची अट नाही. आज साखर कारखान्याच्या कॉस्टिंगचं काम बघतो, उसाच्या टनामागे बगॅसचं मोल किती धरायचं यावर भांडतो, आणि मजेत आहे. म्हणून फळा_डस्टर मॅडमना माझं शंभर टक्के अनुमोदन. मुक्त विद्यापीठ वाईट नाही, यशवंतराव चव्हाण तर तुमच्या नाशकातच आहे आणि मराठीतून शिकवतं. पण अठराव्या वर्षी घरात एकटीनं बसून दोन-दोन अभ्यासक्रम ओढणारी मुलं मी फार कमी पाहिलीत. सोबतीला चार मैत्रिणी लागतात, नोट्सपेक्षा रडायला.

गोदाकाठची

धागा वर काढतेय, ठरलं ते सांगायला.

नाशिकच्या एका कॉलेजात बी.कॉम., सकाळची बॅच. तिथल्या सरांकडे विषयांची यादी मागितली तर आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, मग कपाटातून काढून दिली. अकाउंटिंग मेजर, चार क्रेडिटचे पेपर पुरेसे आहेत. निकाल लागेपर्यंत नोंदणीची १ मेची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे सप्टेंबरची फाउंडेशन हुकली. १ सप्टेंबरच्या आत नोंदणी करून जानेवारीची देणार. बुक कीपिंगची पुस्तकं आणली आहेत आणि आजोबांना रोज संध्याकाळी जर्नल एन्ट्री समजावली जाते. ते "व्यापाऱ्याला उधार दिलं तर मला तोटा, मग येणं कसं?" असं विचारून छळतात.

क्लास मात्र अजून लावला नाही. लावावा का? फी ऐकून धडकी भरली.

मेकॅनिकल_ते_ताळेबंद

लगेच नको. नोंदणी झाली की इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल मिळतं, आणि त्यांचे ऑनलाइन लाइव्ह वर्ग फुकट आहेत. महिना-दोन महिने त्यावर काढा. अकाउंट्स एकटीला जमत नसेल तर फक्त त्या एका विषयाचा क्लास लावा, चारही विषयांचं पॅकेज गळ्यात मारून घेऊ नका. परीक्षेआधी इन्स्टिट्यूटच्याच आरटीपी (उजळणीचे पेपर) आणि मॉक टेस्ट घड्याळ लावून सोडवायच्या.

आणि तिचा सायन्सचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर धाकट्या भावंडाला देऊन टाका, परीक्षेत तो चालत नाही. साधा, बारा अंकी, मेमरीचा घ्या आणि आजपासून त्यावरच बोटं बसवा. क्वांटमध्ये चक्रवाढ व्याज त्यावर बरोबरची कळ दाबत काढायची एक युक्ती आहे, ती यूट्यूबवर कुणीही शिकवतं.

गोदाकाठची

घेतला. दुकानदार दहा अंकीवाला देत होता, परत करून आले.